मडकं, कोनाडा, कापूस

१९८०च्या आणि १९९०च्या दशकांत तालुक्याच्या गावी कॅसेटच्या दुकानात एक वस्तू पुष्कळदा दिसे. मातीचं मडकं, त्याच्या तोंडाशी बसवलेला चार किंवा सहा इंची स्पीकर, कडेच्या फटीत लिंपलेलं एम-सील आणि बुडाच्या भोकातून बाहेर आलेली दोन पदरी वायर. मडक्याला ऑइलपेंट दिलेला. मालक हौशी असेल तर त्यावर वेलबुट्टी. अशी दोन मडकी टांगली की दुकान स्टिरिओ झालं. मुलांच्या भाड्याच्या खोल्यांतून, सलूनमधून, पानाच्या टपऱ्यांवरून हा प्रकार बरीच वर्षं चालला. ज्यांच्या शोकेसमध्ये जपानी डेक होता ते या मडक्यांना हसत. त्यात हसण्यासारखं नेमकं काय होतं हे तपासून पाहायला हवं, कारण ध्वनिशास्त्राच्या कोर्टात मडक्याची बाजू बरीच भक्कम आहे.

अमेरिकेतल्या आरसीए कंपनीच्या प्रयोगशाळेतले हॅरी ऑल्सन हे या शास्त्रातलं मोठं नाव. १९५१च्या नोव्हेंबरात ‘ऑडिओ इंजिनिअरिंग’ मासिकात त्यांचा एक लेख आला. स्पीकर त्यांनी बारा वेगवेगळ्या आकारांच्या पेट्यांत बसवून मोजला होता. गोल, घन, नळकांडं, शंकू, पिरॅमिड, आयताकृती खोकं, असे ते आकार. आवाजाची लाट पेटीच्या दर्शनी भागावरून सरकत कडेला पोचते आणि कड धारदार असेल तर तिथून एक नवी लाट पसरते. ही दुय्यम लाट मूळ लाटेत मिसळली की काही स्वर फुगतात, काही दबतात. गोलाला कडच नसते. त्याचा आलेख सगळ्यांत सपाट आला. घनाकृती पेटीचा फार खडबडीत. तरीही बाजारात आलेली जवळजवळ प्रत्येक पेटी चौकोनीच होती, कारण सुताराला चौकोन सोपा. कुंभाराच्या चाकाला गोल सोपा.

मडक्याची तरफदारी इथेच थांबवली तर ती अर्धवट ठरेल. ऑल्सन यांचा निष्कर्ष बाहेरच्या आकारापुरता होता. आतल्या पोकळीचं गणित निराळं आहे. ३० सेंटिमीटर व्यासाच्या मडक्यात सुमारे १४ लिटर हवा मावते आणि पाच-सहा इंची स्पीकरला एवढी हवा रास्तच म्हणायची. पण गोल पोकळी ठरावीक स्वरांना घुमते, आणि या मापाच्या मडक्यात त्यातला पहिला स्वर ७५० हर्ट्झच्या आसपास येतो, म्हणजे ऐन माणसाच्या आवाजाच्या पट्ट्यात. मडक्यातली गायिका जरा विहिरीतून गाते आहे असं वाटे ते त्यामुळे. जाणता मेकॅनिक स्पीकर बसवण्याआधी आत कापूस कोंबायचा. घुमणं बरंचसं जायचं. शिवाय भाजलेल्या मातीची भिंत ताठ असते; पातळ प्लायवूडसारखी ती स्वतःच थरथरून गाण्यात आपला सूर मिसळत नाही.

ध्वनियंत्रांचा इतिहास बहुधा कंपन्यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. ग्रामोफोन कोणी आणला, कॅसेट कोणी काढली, सीडी कोणी. खिशात बेताचेच पैसे असलेल्या श्रोत्यांचा इतिहास त्यात सापडत नाही, कारण तो दुरुस्तीच्या दुकानांत आणि हौशी लोकांच्या मासिकांत विखुरलेला आहे. तो गोळा करू लागलं की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. सामान्य घरातला आवाज गेल्या शंभर वर्षांत जेव्हा जेव्हा सुधारला, तेव्हा त्याचं श्रेय महागड्या यंत्राला कमी आणि यंत्राभोवतीची हवा नीट वागवण्याला जास्त जातं. कर्णा, पेटी, कोपरा, फट, कापूस. आणि या गोष्टींची किंमत बहुधा काही आण्यांत किंवा काही रुपयांतच होती.

या सगळ्यात पणाला काय लागलं होतं, हे आधी सांगतो. पुरुष गायकाची पट्टी काळी एक धरली तर त्याचा मध्य षड्ज १३९ हर्ट्झच्या जवळपास असतो आणि तंबोऱ्याची खर्जाची तार ६९च्या. हातात मावणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या अडीच-तीन इंची स्पीकरमधून अडीचशे हर्ट्झच्या खालचं फारसं काही बाहेर पडत नाही. म्हणजे ज्या पिढ्यांनी ख्याल ट्रान्झिस्टरवर ऐकला, त्यांच्यापर्यंत खर्ज पोचलाच नव्हता. तरी त्यांना तो ऐकू आला. कान उपस्वरांच्या अंतरांवरून गैरहजर मूळ स्वर आपल्यापुरता उभा करतो. फिलिप्सच्या प्रयोगशाळेत स्खाउटेन या डच शास्त्रज्ञाने १९४०च्या सुमारास या गोष्टीचा कसून अभ्यास केला होता. स्वर असा भरून काढता येतो, पण त्याचं वजन नाही. डग्ग्याची घुमक छातीला लागते ती कल्पनेने लागत नाही. आकाशवाणीवरचा शनिवार रात्रीचा संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम १९५२ साली सुरू झाला आणि शास्त्रीय संगीत ज्या घरांत कधी गेलं नसतं त्या घरांत गेलं. ते किती गेलं आणि किती दारातच राहिलं, हे त्या घरातल्या पेटीने ठरवलं.

*

सुरुवात कर्ण्यापासून करायला हवी. फ्रेड गाइसबर्ग १९०२ साली कलकत्त्यात ध्वनिमुद्रणं करून गेला. १९०८ पासून तबकड्या कलकत्त्यातच छापल्या जाऊ लागल्या. तबकडी लाखेची, आणि लाख आपल्याच जंगलांतली. १९२५ साली विजेवरचं ध्वनिमुद्रण येईपर्यंत गायक थेट कर्ण्यात गाई, आणि त्या पद्धतीत साधारण अडीचशे ते अडीच हजार हर्ट्झ एवढाच पट्टा तबकडीवर उतरे. त्यामुळे त्या काळच्या ध्वनिमुद्रणांत तंबोरा शोधण्यात अर्थ नाही. तो असलाच तर बाजूला गुणगुणतो.

ग्रामोफोनवाल्या घरातली सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत महत्त्वाची वस्तू म्हणजे पिन. लाखेच्या तबकडीत दगडाची बारीक पूड मिसळलेली असे. ती पूड पिनेचं टोक पहिल्या काही फेऱ्यांत झिजवून खाचेच्या मापाचं करी, आणि तबकडीची एक बाजू संपेपर्यंत पिन निकामी होई. म्हणून दर बाजूला नवी पिन, असा नियम डबीवरच छापलेला असे. काटकसरी माणूस तीच पिन चार-सहा गाण्यांना चालवी. झिजलेल्या पिनेला दोन्ही बाजूंनी धार येते आणि ती खाच कापत जाते. जुन्या बाजारात मिळणाऱ्या तबकड्यांवर ओळखीच्या गाण्याच्या वरच्या पट्टीतल्या जागा करड्या पडलेल्या दिसतात, त्या बहुतेक या पिनांनी वाचवलेल्या पैशांच्या खुणा आहेत. काटकसर कुठे करावी याचं शास्त्र असतं, आणि ते दुकानदार शिकवत नाही.

ते शिकवायला मासिकं लागली. कॉम्प्टन मॅकेंझी या कादंबरीकाराने १९२३ साली लंडनमध्ये ‘द ग्रामोफोन’ काढलं. पुढच्याच वर्षी त्यात पर्सी विल्सन यांनी हिशेब मांडला, की पिन धरणारा दांडा तबकडीच्या मध्यापासून किती अंतरावर आणि कोणत्या कोनात बसवला तर पिन खाचेला कमीत कमी तिरकी लागते. कंपन्यांचे दांडे सर्रास चुकीच्या जागी होते. दोन स्क्रू सोडून दांडा थोडा सरकवला की आवाजातली खरखर कमी होई आणि तबकडीचं आयुष्यही वाढे. खर्च शून्य. ध्वनियंत्र विकत घेतल्यावर त्यात हात घालायचा असतो ही वृत्ती घडवण्यात या मासिकाचा वाटा मोठा आहे. कागदाच्या लगद्याचे प्रचंड कर्णे लावलेले, हाताने बनवलेले इंग्लिश ग्रामोफोन याच वृत्तीतून आले. पत्रा स्वतः वाजतो, लगदा वाजत नाही, एवढीच त्यामागची युक्ती.

१९२५ साली जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघांनी कर्ण्याविना चालणारा स्पीकर मांडला. कागदाचा शंकू, त्यामागे तारेचं वेटोळं, भोवती चुंबक. आजच्या मोबाइलमधल्या कणाएवढ्या स्पीकरचंही मूळ तत्त्व हेच. पण या शोधाबरोबर एक अडचण जन्मली आणि पुढची शंभर वर्षं ती सोडवण्यात गेली. शंकू पुढे ढकलला की समोरची हवा दाबली जाते, त्याच क्षणी मागची विरळ होते. खालच्या स्वरांच्या लांबलचक लाटा शंकूला वळसा घालून मागच्या विरळ हवेत जाऊन मिळतात आणि विझतात. उघडा स्पीकर हातात धरून वाजवला तर तो पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो तो यामुळे. तोच स्पीकर मोठ्या फळीला गोल भोक पाडून त्यात बसवला की आवाजाला एकदम अंग येतं. फळीने काही निर्माण केलेलं नसतं. पुढची आणि मागची हवा तिने एकमेकींपासून लांब ठेवलेली असते.

जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओंचा आवाज भारदस्त होता असं जे आजही म्हटलं जातं त्याचं बरंचसं रहस्य इथे आहे. लोक व्हॉल्व्हला श्रेय देतात. मला ते सुताराला द्यावंसं वाटतं. ठाण्याच्या कारखान्यात बनणारे मर्फी घ्या किंवा त्या काळचे बुश, फिलिप्स घ्या. लाकडी, चांगल्या रुंद पेटीत मोठा स्पीकर असे आणि पेटीचा दर्शनी भाग हीच फळी असे. ट्रान्झिस्टर आला तेव्हा पेटी प्लास्टिकची आणि पुस्तकाएवढी झाली. विजेची, जागेची, पैशाची बचत झाली आणि खालचं सप्तक गेलं.

*

पण रेडिओच्या बाबतीत पेटीच्याही आधी एरियल येते. १९५२ साली बाळकृष्ण केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. ते पुण्याचे, शास्त्रीय संगीताचे कट्टर अभिमानी. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली आणि श्रोता रेडिओ सिलोनकडे वळला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात बिनाका गीतमाला सुरू झाली. सिलोन लघुलहरींवरून येई, म्हणजे वातावरणाच्या वरच्या थरांवरून परावर्तित होऊन. आवाज वर-खाली होणं, मध्येच दुसरं स्टेशन घुसणं, खरखर, हे सगळं त्यात धरलेलंच. मग जो तो एरियलच्या मागे लागला. तांब्याच्या जाळीची पट्टी खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणायची, टोकांना चिनी मातीचे इन्सुलेटर. गच्चीवर दोन बांबूंमध्ये तार बांधली तर आणखी चांगलं. अर्थिंगची तार नळाला गुंडाळायची किंवा मोरीच्या पाण्याने कायम ओल्या राहणाऱ्या जमिनीत, मीठ-कोळशाच्या खड्ड्यात पुरायची. हे काही रुपयांचं काम होतं आणि त्याने पडणारा फरक रेडिओ बदलून पडला नसता. केसकरांच्या धोरणावर टीका पुष्कळ झाली आहे. या देशातल्या लाखो घरांना त्यांनी एरियल नीट बांधायला शिकवलं, ही नोंद कोणी केलेली नाही.

आकाशवाणीचं पुणे केंद्र १९५३ साली सुरू झालं. १ एप्रिल १९५५च्या रामनवमीला तिथून गीतरामायणाचं पहिलं गीत प्रसारित झालं आणि पुढे वर्षभर आठवड्याला एक अशी ५६ गीतं झाली. ज्यांच्या घरी रेडिओ होता त्यांच्याकडे आळी जमे. एका पेटीने पंधरा-वीस माणसांना ऐकवायचं म्हणजे ती कुठे ठेवायची हा प्रश्न आला. वाड्यांत रेडिओची ठरलेली जागा म्हणजे कोनाडा किंवा कोपऱ्यातली उंच फळी. पोरांचा हात पोचू नये हा हेतू. पण स्पीकर भिंतीच्या जवळ, त्यातही दोन भिंतींच्या कोपऱ्यात ठेवला की खालचे स्वर सगळ्या दिशांना विखरण्याऐवजी खोलीकडेच ढकलले जातात आणि ठळक होतात. अमेरिकेत पॉल क्लिप्श यांनी १९४०च्या दशकात या एका तत्त्वावर कोपऱ्यातच ठेवायचा प्रचंड स्पीकर बांधला आणि तो नावारूपाला आला. आपल्या कोनाड्याला शास्त्र माहीत होतं असा दावा मी करणार नाही. वर विणलेला जाड रुमाल घालून स्पीकरचं तोंडच झाकायची रीतही त्याच घरांत होती, आणि तिने वरचे स्वर, म्हणजे व्यंजनं आणि झांजांची चमक, खाऊन टाकली.

भिंतीचा आणखी एक उपयोग इंग्लंडमधल्या यॉर्कशरमध्ये एका माणसाने करून दाखवला. गिल्बर्ट ब्रिग्ज कापडाच्या धंद्यातले. १९३२ साली त्यांनी राहत्या घराच्या तळघरात स्पीकर बनवायला घेतले. वार्फडेल ही कंपनी ती. या माणसाचं मोठेपण कंपनीत नाही, त्याने लिहिलेल्या पुस्तकांत आहे. १९४८ साली ‘लाउडस्पीकर्स’ हे छोटं पुस्तक निघालं. स्पीकर विकणारा माणूस गिऱ्हाइकाला स्वतः पेटी कशी बांधायची ते सांगतो आहे, हा प्रकार तेव्हाही दुर्मीळ होता. पेटीची भिंत थरथरता कामा नये, हा ब्रिग्ज यांचा ध्यास. त्यासाठी त्यांनी प्लायवूडच्या दोन पातळ फळ्यांमध्ये कोरडी वाळू भरली. खोलीच्या कोपऱ्यात चक्क विटांचं बांधकाम करून त्यात स्पीकर बसवण्याचा सल्ला दिला. वाळू आणि वीट. दोन्ही कुठेही मिळणाऱ्या, कवडीमोलाच्या वस्तू. १९५४ साली त्यांनी लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये पीटर वॉकर यांच्या साथीने कार्यक्रम केला, मंचावर वादक आणि त्यांच्या शेजारी स्पीकर. प्रत्यक्ष वादन आणि मुद्रित वादन आळीपाळीने ऐकवून निवाडा श्रोत्यांवर सोडला.

त्याच पिढीचं दुसरं नाव विल्यमसन. ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकाच्या १९४७च्या एप्रिल आणि मे अंकांत डी. टी. एन. विल्यमसन यांनी १५ वॅटच्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरचा संपूर्ण आराखडा छापला. त्यातली विकृती एक दशांश टक्क्याहून कमी. दुकानातल्या बहुतेक यंत्रांना ती जवळपासही साधत नव्हती, आणि ज्याला डाग लावता येतो त्याला ती घरी साधता येणार होती. याच मासिकात १९६९ साली जॉन लिन्सली हूड यांनी चॅनेलमागे चारच ट्रान्झिस्टरांचा दहा वॅटचा ॲम्प्लिफायर दिला. तो आजही जगभर बांधला जातो. हे आराखडे कोणाच्या मालकीचे राहिले नाहीत, हा मला या इतिहासातला सगळ्यांत मोलाचा भाग वाटतो. यंत्राची किंमत त्या यंत्राविषयीच्या गुपिताची किंमत असते. गुपित छापून टाकलं की उरते ती सुट्या भागांची किंमत.

सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळत, पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत. परदेशी यंत्रांवर भरमसाट जकात आणि आयातीचे परवाने, त्यामुळे सामान्य माणसाला तयार हाय-फाय परवडणं शक्यच नव्हतं. पण बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर बनवू लागली होती आणि एसी १२८ हा त्यातला एक क्रमांक हौशी मुलांना रोल नंबरसारखा पाठ असे. १९६९ साली दिल्लीहून ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ सुरू झालं आणि आराखडे देशी भागांच्या क्रमांकांसह मिळू लागले. पुढे एकाच चिपमध्ये सगळा ॲम्प्लिफायर आला. टीबीए ८१०, मग एलए ४४४०. दुकानदार किट म्हणूनच देई : छापील बोर्ड, चिप, उष्णता शोषणारा ॲल्युमिनियमचा तुकडा. ट्रान्सफॉर्मर गल्लीतच गुंडाळून मिळे.

ॲम्प्लिफायर असा स्वस्त झाला, तरी पेटीचा प्रश्न राहिलाच. तो सोडवला एडगर व्हिलचर या अमेरिकन माणसाने, १९५४ साली. तोवर समज असा, की खालचे स्वर हवेत तर पेटी कपाटाएवढी हवी. व्हिलचर यांनी छोटी पेटी हवाबंद केली आणि स्पीकरची कड मुद्दाम अगदी ढिली ठेवली. मग शंकूला परत जागेवर आणण्याचं काम आत कोंडलेली हवाच स्प्रिंगसारखी करू लागली, आणि हवा ही कोणत्याही कागदी कडेपेक्षा जास्त इमानी स्प्रिंग आहे. पुस्तकांच्या फडताळात मावणारी पेटी खालचं सप्तक देऊ लागली. तिच्यात तंतूंचं भरण घातलं की ती आहे त्याहून थोडी मोठी असल्यासारखी वागते. आपल्याकडे त्यासाठी पिंजलेला कापूस होता. १९६१ साली नेव्हिल थील यांनी ऑस्ट्रेलियात पेटीचं गणित सूत्रांत बसवलं, रिचर्ड स्मॉल यांनी ते पुढे नेलं. लॅमिंग्टन रोडवर मिळणाऱ्या स्पीकरवर या सूत्रांत घालायचे आकडे छापलेले नसत, म्हणून इथला कारागीर कानावरच विसंबून राहिला. फट राहू द्यायची नाही, भिंत जाड ठेवायची, कापूस भरायचा, एवढे तीन नियम मात्र त्याच्या हाती होते. मडक्यात हे तिन्ही पाळले जातात.

दोन मडक्यांच्या स्टिरिओत आणखी एक भानगड असे. दोन्ही स्पीकरच्या वायरी सारख्याच बाजूने जोडायला हव्यात. एकीची उलट झाली तर एक शंकू पुढे जाताना दुसरा मागे जातो, आणि नेमके खालचे स्वर खोलीतच एकमेकांना मारतात. यावरचा उपाय दीड व्होल्टचा सेल. सेलची टोकं स्पीकरला क्षणभर टेकवायची; शंकू पुढे उचलला गेला तर धन टोकाजवळची ती वायर लाल समजायची. कितीतरी घरांत हजारो रुपयांची यंत्रं या एका उलट वायरीमुळे जन्मभर पोकळ वाजली असतील.

आखाती देशांतून आलेले टू-इन-वन याच काळातले. रत्नागिरी-रायगडातल्या गावांत मुंबईच्याही आधी चांगले जपानी रेडिओ-कॅसेट पोचले ते दुबई-कुवेतला गेलेल्या माणसांबरोबर. त्यांच्या पाठोपाठ आले पीएमपीओचे स्टिकर. मुठीएवढ्या स्पीकरवर पाचशे वॅट लिहिलेलं असे. हा आकडा मोजण्याची कुठलीही सर्वमान्य रीत नव्हती. तो छापखान्यात ठरे. खरी शक्ती दुप्पट केली तरी आवाज तीनच डेसिबलने वाढतो, म्हणजे जेमतेम जाणवण्याइतका. कानाला दुप्पट वाटायला दहापट शक्ती लागते. चार खऱ्या वॅटच्या मडक्याने तो स्टिकरवाला डबा सहज हरवावा यात नवल नाही.

*

सोनीचा वॉकमन १ जुलै १९७९ रोजी जपानात विक्रीला आला आणि आवाज खोलीतून निघून कानापाशी गेला. पेटी, कोपरा, कोनाडा हे प्रश्न एका फटक्यात मिटले. उरली ती कानाची पोकळी. इथेही फट हाच शत्रू. कानात बसणाऱ्या इअरफोनचं रबरी टोपण मापाचं नसेल तर बाजूने हवा निसटते आणि खालचे स्वर नाहीसे होतात. इअरफोनबरोबर तीन मापांची टोपणं येतात, पण पुष्कळजण मधलं माप लावतात आणि बाकीची पिशवी फेकतात. मग ‘यात बेस नाही’ म्हणून दुसरा, महाग इअरफोन घेतात. योरून ब्रेबार्ट या संशोधकाने २०१७ साली २८३ हेडफोनांची मोजमापं किमतींशी ताडून पाहिली. स्वरांच्या समतोलाचा किमतीशी संबंध आढळला नाही. ही गोष्ट मडकंवाल्या दुकानदाराला सांगितली असती तर तो फारसा चकित झाला नसता.

या इअरफोनांमधून आता काय ऐकलं जाणार, याचं उत्तर बऱ्याच अंशी कॅसेटमध्ये अडकलेलं आहे. फिलिप्सने १९६३ साली कॅसेट आणली. १९८३ पासून टी-सिरीजने ती भाजीच्या भावाने विकली. पण विकल्या गेलेल्या कॅसेटची मूळ प्रत कुठेतरी असते. महाराष्ट्रातल्या कपाटांत पडलेल्या हजारो कॅसेटांना दुसरी प्रत नाही. घरगुती बैठका, गणेशोत्सवातली गाणी, गावातलं कीर्तन, रेडिओवरून उतरवून घेतलेली मैफल, आजीच्या ओव्या. आता हे सगळं संगणकावर उतरवून घेण्याची लगबग चालू आहे. उतरवून झालं की कॅसेट फेकली जाते, आणि म्हणूनच उतरवताना काय निसटतं याला महत्त्व आहे.

कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेगाने सरकते. त्या वेगाला १०,००० हर्ट्झच्या स्वराची एक लाट फितीवर ४.७६ मायक्रॉन एवढीच जागा व्यापते. फीत वाचणाऱ्या हेडची उभी फट फितीच्या धावेशी बरोबर काटकोनात हवी. स्टिरिओची एक पट्टी ०.६ मिलिमीटर रुंद असते. फट अर्ध्या अंशाहूनही कमी कलली तरी पट्टीच्या वरच्या टोकाला लाटेचा माथा आणि खालच्या टोकाला पुढच्या लाटेचा माथा एकदम वाचला जातो, आणि तो स्वर पूर्ण पुसला जातो. मोनो पट्टी याच्या अडीचपट रुंद, तिथे कल अंशाच्या पाचव्या हिश्श्याएवढा पुरतो. आवाज मग कांबळ्याखालून येतो. लोक म्हणतात फीत जुनी झाली, बुरशी लागली. पुष्कळदा तसं काही नसतं. ज्या रेकॉर्डरवर ती भरली त्याचं हेड एका बाजूला कललेलं होतं आणि वाजवणाऱ्याचं दुसऱ्या.

यावरचा इलाज प्रत्येक दुरुस्तीवाल्याला ठाऊक होता. हेडच्या एका अंगाला स्प्रिंगवर बसवलेला बारीक स्क्रू असतो. पुष्कळ रेकॉर्डरांत त्याच्यासाठी वरच्या झाकणाला छिद्र ठेवलेलं असे. प्ले दाबल्यावरच छिद्र आणि स्क्रू एका रेषेत येतात. आधी स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने हेड पुसायचं, तपकिरी थर निघेपर्यंत. मग कॅसेट लावायची, स्टिरिओ असेल तर दोन्ही बाजू एकत्र करून मोनोत ऐकायची आणि पेचकसाने तो स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवायचा. एका ठिकाणी झांज उघडते, ‘स’ आणि ‘श’ वेगळे होतात, तंबोऱ्याची जवारी वर येते. तिथे थांबायचं. पुढची कॅसेट दुसऱ्या कुठल्या रेकॉर्डरवर भरलेली असेल, तेव्हा तिच्यासाठी हे पुन्हा करायचं; ऑटो-रिव्हर्स यंत्रावर भरलेली असेल तर दुसऱ्या बाजूसाठीही. शेकड्यावारी कॅसेट एका बैठकीत उतरवून देणाऱ्या दुकानांत हे कोणी करत नाही, कारण दर कॅसेटमागे पाच मिनिटं जातात. एकदा संगणकात गेलेला मंद आवाज नंतर कोणत्याही प्रणालीने परत आणता येत नाही. पुसला गेलेला स्वर फाइलमध्ये नसतोच. फितीवर तो अजून आहे.